नवव्या होल्डचा डाग

"तुम्ही काय करता?" असं कोणी विचारलं की मी "फिटर" म्हणून मोकळा होतो. ते खोटंही नाही. भांडुपच्या एका यंत्रांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं फिटर होतो. कारखान्याला टाळं लागल्यावर जे काम धरलं आणि पुढे पंधरा वर्षं केलं, ते समजावायला बसलं की समोरच्याचा चहा गार होतो. मी माणसांनी चढायच्या भिंती उभ्या करत होतो. त्या भिंतींवर पकडायचे रंगीत होल्ड बसवायचे, काढायचे, धुवायचे आणि परत बसवायचे, हा माझा धंदा.

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ एकदा मुद्दाम बघायला आले. पंधरा मिनिटं मान वर करून बघितल्यावर त्यांनी विचारलं, "वर पोचल्यावर काय असतं?"

"काही नसतं. खाली यायचं."

"मग लिफ्टच्या दुरुस्तीला का नाही गेलात, परब? तिथे निदान माणसं घरी तरी पोचतात."

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. माझे वडील गिरणीत होते. त्यांना मी शेवटपर्यंत हेच सांगितलं की मी खेळाच्या सामानाच्या कंपनीत आहे. तरुणपणी रविवारी सह्याद्रीतल्या कड्यांवर दोर लावून लोंबकळायचो, तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं होतं, "पायवाट नाय काय?" त्यानंतर या विषयावर आमचं बोलणं झालं नाही.

धंद्यात गिऱ्हाइकंही एकेक भेटली. अंधेरीला एका जाहिरातीसाठी मला भिंत सजवायला बोलावलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, "काका, रस्ता असा लावा की दिसायला जाम डेंजर आणि चढायला एकदम सोप्पा." मी लावला. नट दोन फूट चढला, खाली बघितलं, आणि "मला हा होल्डचा रंग सूट होत नाही" म्हणून उतरला. मग दिवसभर मी सगळे होल्ड पांढरे रंगवत बसलो. शेवटी जाहिरातीत भिंत दिसलीच नाही, नटाचे दात तेवढे दिसले.

पण आज सांगायचंय ते याबद्दल नाही. आज एकाच होल्डबद्दल सांगायचंय. तोही मीच बसवलेला.

आधी थोडं खेळाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या खेळात स्पर्धेचे काही प्रकार असे असतात की भिंतीवरचा रस्ता, म्हणजे होल्डची मांडणी, दर वेळी नवा. खेळाडूंना आधी एका बंद खोलीत ठेवतात, म्हणजे दुसरा कसा चढला ते कळू नये. मी एकदा त्या खोलीच्या दाराशी राखणदार होतो. कोणी बाहेर डोकावलं तर बाद. परीक्षेचा पेपर फुटू नये म्हणून जी काळजी घेतात, तीच.

वेगाचा प्रकार मात्र याच्या अगदी उलट. तिथे पेपर सगळ्यांना पाठ. पंधरा मीटर उंचीची, किंचित अंगावर येणारी भिंत, शेजारी शेजारी दोन पट्टे. दोघी एकाच वेळी सुटतात, वरची पाटी आधी थापटेल ती जिंकली. चांगल्या मुली सात-आठ सेकंदांत वर असतात. कमरेच्या पट्ट्याला वरून दोरी असते आणि ती आपोआप गुंडाळणारं यंत्र असतं, त्यामुळे पडलं तरी माणूस हळूच खाली येतो. आणि या भिंतीची गंमत अशी की ती जगभर एकच असते. कोरियात असो की कांजूरमार्गला, तोच होल्ड, बोल्टचं तेच भोक, तीच दिशा. त्याचा छापील नकाशा असतो. कुठला होल्ड कुठल्या भोकात आणि त्याचं टोक कुठल्या भोकाकडे, तेही बाणाने दाखवलेलं. खेळाडू डोळ्यांनी बघत नाही, त्याला वेळच नसतो. हात आपापले जातात. वर्षभर हजार वेळा चढून हातांना शिकवलेलं असतं.

आमची शेड कांजूरमार्गला होती. बंद पडलेल्या कारखान्याची, पूर्वी छताखालून क्रेन फिरायची म्हणून छप्पर उंच. त्या उंचीसाठीच आमच्या क्लबने ती घेतली. पूर्वेचा वारा सुटला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास आत यायचा. नवीन मुलं नाक धरायची, जुनी मुलं वारा कुठला ते सांगायची. वेगाच्या भिंतीचे दोन पट्टे तिथे मी उभे केले होते. त्यातल्या डाव्या पट्ट्याचं दोरीचं यंत्र वर्षभर दुरुस्तीला पडून होतं, म्हणून सगळे उजव्यावर चढायचे. हे लक्षात ठेवा.

पावसाळ्यात होल्ड धुवायचे दिवस. बुटांचं रबर, हातांना लावायची चॉकची पावडर आणि घाम यांचा थर बसून होल्ड गुळगुळीत होतात. ते सगळे उतरवायचे, टबात भिजवायचे, ब्रशने घासायचे, वाळवायचे आणि परत चढवायचे. होल्ड काढल्यावर भिंतीच्या पॅनलवर त्याच्या आकाराचा डाग उरलेला असतो. आजूबाजूला मळ आणि होल्डच्या जागी स्वच्छ. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं की मागे राहतो ना, तसा. मी होल्ड त्या डागावर टेकवायचो, अगदी कडेला कड मिळवून, आणि आवळून टाकायचो. नकाशा दाराच्या मागे टांगलेला होता. त्याच खिळ्याला मी माझा शर्ट लटकवायचो. पोरं म्हणायची, "परबकाकांना नकाशा लागत नाही, डोळ्यांत आहे त्यांच्या." मला ते ऐकून बरं वाटायचं. पंधरा वर्षं बरं वाटत राहिलं आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

प्रज्ञा आमच्याकडे आली तेव्हा नववीत होती. वाकोल्याची. आई परिचारिका. घर मूळचं परभणीकडचं. पोरगी बुटकी, काटक आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "काका, तुम्ही खालून ओरडू नका ना. मला माहितीये कुठे पडतेय ते." तेव्हा ती पडत असे. पुढे पडेनाशी झाली. एकोणिसाव्या वर्षी तिची देशाच्या संघात निवड झाली आणि तिला आंतरराष्ट्रीय मालिकेचा हंगाम मिळाला. चार फेऱ्या, चार देश. तिसऱ्या फेरीनंतर निवड समिती आढावा घेणार आणि शेवटच्या फेरीला एकच मुलगी पाठवणार, असं ठरलं होतं. आमच्या क्लबमधून त्या हंगामात बाहेर गेलेली ती एकटीच.

जायच्या आदल्या दिवशी मी वर चढून एकेक होल्ड हलवून बघितला, खाली उतरलो आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, "सगळं जागेवर आहे." निघायच्या आधी हे ऐकल्याशिवाय ती शेडबाहेर पडायची नाही. तिचा तो नेमच झाला होता.

पहिली फेरी चीनला झाली. मी घरी मोबाइलवर बघितली. प्रत्येकीला दोनदा चढायला मिळतं. दोन्ही वेळा ती वाऱ्यासारखी सुटली आणि दोन्ही वेळा नवव्या होल्डवर हात निसटून पडली. खालून मोजत गेलं की मधोमध येणारा तो नववा. उजव्या हाताने धरून पूर्ण अंग वर ओढायचं, असा. उंच मुली त्याला नुसत्या शिवून जातात. प्रज्ञासारख्या बुटक्या मुलीचा मात्र सगळा भार तिथे येतो.

परत आल्यावर ती मला भेटायला शेडमध्ये आली. मी टबाशी बसलो होतो.

"काका, तिकडचा नववा वेगळा लागतो."

"वेगळा म्हणजे?"

"म्हणजे... अंगठा बसतच नाही. इथे बसतो तसा. सरावातपण नाही बसला."

मी हसलो. खरोखर हसलो, आजही ते हसणं माझं मलाच ऐकू येतं. म्हटलं, "अगं वेडे, या खेळात तेच तर आहे. जगातली भिंत एकच. भिंत बदलत नाही, आपण बदलतो."

हे वाक्य मला इतकं आवडलं की संध्याकाळी मी ते आमच्या मुख्य प्रशिक्षकांना, राजन सरांना ऐकवलं. त्यांनाही आवडलं. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं.

कोरियात ती पडली नाही, पण नवव्यावर तिचा हात चाचपडला आणि वेळ गेला. मग राजन सरांनी एका समुपदेशक बाईंशी तिचं फोनवर बोलणं लावून दिलं. बाई भल्या होत्या. त्यांनी सांगितलं, रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि तो होल्ड मनात स्पष्ट आणायचा, त्याची कड, त्याचं टोक, अंगठ्याची जागा. प्रज्ञा बिचारी रोज सकाळी बसायची. डोळ्यांपुढे कुठला होल्ड यायचा? जो तिला माहीत होता तो. माझा.

तिसरी फेरी युरोपात होती. पुन्हा नववा, पुन्हा ती खाली. मी जेवणाच्या टेबलाशी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो होतो. समोर माझी बायको, सुलभा, मेथी निवडत होती. पडण्याचं दृश्य त्यांनी सावकाश करून परत दाखवलं. सगळं जग त्या वेळी पोरीच्या चेहऱ्याकडे बघत असणार. मी जन्माचा फिटर, माझं लक्ष होल्डकडे गेलं. नवव्याचं टोक सरळ वरच्या भोकाकडे होतं, भोकाच्या मधोमध. मी चित्र थांबवलं. आमच्या नवव्याचं टोक दोन भोकांच्या मधल्या कोऱ्या जागेकडे बघतं, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

"काय झालं?" सुलभाने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि पुढचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनकडून शेड उघडून घेतली. खिळ्यावरचा शर्ट बाजूला केला आणि कितीतरी वर्षांनी नकाशा खाली काढला. तो दातांत धरून दोरीवरून वर गेलो. नववा करंगळीभर उजवीकडे फिरलेला होता. शेजारच्या डाव्या पट्ट्यावरचा नववा सरळ होता, पण त्यावर वर्षभर कोणी चढलंच नव्हतं. कसा फिरला ते समजायला मला अर्धं मिनिट लागलं. होल्ड फिरू नये म्हणून बोल्टच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. दोन पावसाळ्यांपूर्वी कधीतरी तो सैल पडला असणार. होल्ड जरासा फिरला, तसाच वापरात राहिला, आणि त्या फिरलेल्या जागी त्याने आपला नवा डाग पाडला. पुढच्या धुलाईनंतर मी तो त्या डागावर कडेला कड मिळवून बसवला आणि बोल्ट आणि स्क्रू दोन्ही झकास आवळले. भिंतीची ती तात्पुरती चूक होती. मी ती कायमची केली.

आता खरी शरमेची गोष्ट सांगतो. मी तिथल्या तिथे होल्ड सैल केला, नकाशाप्रमाणे फिरवला, आवळला आणि खाली उतरलो. शेडमध्ये कोणी नव्हतं. कोणाला सांगायची गरज नाही, असं मी मला बजावलं. होल्ड आता बरोबर आहे, पोरगी परत आली की यावरच सराव करेल, आपोआप नीट होईल. पंचेचाळीस मिनिटांचं काम. मी शर्ट घातला आणि घरी आलो.

तीन दिवसांनी प्रज्ञा सरावाला आली. राजन सर घड्याळ घेऊन खाली उभे. मी कोपऱ्यात टबाशी, हातात ब्रश. ती सुटली, आणि आमच्या शेडमध्ये, जिथे ती वर्षभरात एकदाही पडली नव्हती तिथेच, नवव्यावर तिचा हात निसटला. दोरीवर लोंबकळत ती खाली आली. पुन्हा चढली. पुन्हा तिथेच.

मॅटवर बसून ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तो हात तिला कोणा परक्याचा वाटत असावा.

"आता इथेपण?" राजन सर म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. आवाजात राग नव्हता, काळजीच होती, आणि तेच जास्त लागलं. "प्रज्ञा, हे डोक्यात बसलंय तुझ्या. मी समितीला कळवतो. या वेळी तू विश्रांती घे. दुसरी मुलगी जाऊ दे."

"सर, मला खरंच कळत नाहीये काय होतंय," ती म्हणाली. "कदाचित तुमचंच बरोबर असेल."

फटकळ पोरगी. तिच्या तोंडून "तुमचंच बरोबर असेल" हे मी पहिल्यांदा ऐकलं. तोंड उघडायची हीच वेळ होती. शेडमध्ये सात-आठ पोरं होती, सगळी मला मानणारी. मी होल्ड घासत राहिलो. तो आधीच स्वच्छ होता.

घरी आल्यावर सुलभाला सगळं सांगितलं. ती मालवणची, माहेरची बोली तिने भांडुपमध्ये पस्तीस वर्षं जपून ठेवलीय, आणि रागावली की तीच बाहेर येते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची चूक, ती त्या चेडवाच्या माथ्यार कित्याक? उद्या सकाळी जावा नि सांगा तिका."

"फोन करतो."

"फोन नको. पायांनी जावा."

म्हणून पायांनी गेलो. वाकोल्याला त्यांची चाळवजा इमारत, तिसरा मजला. प्रज्ञाची आई, सुनंदाताई, ड्युटीवरून नुकत्याच आलेल्या, अजून पांढऱ्या साडीत. प्रज्ञा आत होती. मला बघून तिला वाटलं, मी समजूत काढायला आलोय. म्हणाली, "काका, मी ठीक आहे हो. तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात?"

मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डाग, स्क्रू, करंगळीभर फिरलेला होल्ड. आणि मी गुपचूप तो सरळ केला हेही सांगितलं. नुसतं पहिलं सांगून दुसरं गिळता आलं असतं. तो मोह झाला नाही असं म्हणणार नाही.

सुनंदाताई आधी बोलल्या. "भाऊ, आमच्या वॉर्डात बीपीचं यंत्र बिघडलं तर आम्ही आधी दुसऱ्या यंत्राने बघतो. पेशंटला नाही म्हणत, तुझ्या डोक्यात आहे म्हणून. माझी पोर चार महिने आरशासमोर बसून स्वतःला घाबरट म्हणतेय. तुमच्या एका करंगळीपायी?"

मी "हो" म्हटलं.

प्रज्ञाने उजवा हात वर धरला, अंगठा वाकवला, सरळ केला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे मी तेव्हा सांगितलं ते बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं."

"चीनहून आल्यावर? टबाशी?"

"हो गं. तेव्हाच. आणि मी हसलो."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती हसायला लागली. एवढी हसली की सुनंदाताईंनी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "आई, मी वेडी नाहीये." आणि मग रडली. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने सुनंदाताईंनीच आत बोलावलं आणि चहा दिला.

राजन सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "परबकाका, होल्ड सरळ झाला ना? मग झालं तर. मी समितीला तोंडी सांगतो की तिला आता बरं वाटतंय. लेखी कशाला? भिंतीचं नाव जाईल, क्लबचं जाईल, तुमचं जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी म्हटलं, "सर, मूठ झाकलेलीच होती की. त्यात पोरगी अडकली."

मी समितीला पत्र लिहिलं. साध्या मराठीत, दीड पान. ही मुलगी घाबरत नाही, तिला चुकीची भिंत दिली गेली आणि ती भिंत मी दिली, एवढंच. सोबत नकाशाची प्रत आणि जुन्या डागाचा फोटो जोडला. डाग अजून दिसत होता, होल्डच्या एका कडेने बाहेर डोकावत. राजन सरांचं एक सांगितलं पाहिजे. पत्र वाचल्यावर त्यांनी खाली स्वतःची सही केली, आणि त्या संध्याकाळी फळ्यावरचं ते वाक्य पुसलेलं होतं.

समितीने प्रज्ञाची जागा कायम ठेवली. माझ्याकडून भिंतीचा कारभार काढून घेतला. काम मी करायचं, पण सही मेघनाची. मेघना म्हणजे आमच्याकडचीच जुनी खेळाडू, आता अभियंता झालेली. नवा नियम आला, एकाने बसवायचं आणि दुसऱ्याने खाली उभं राहून नकाशा वाचायचा. हा नियम माझ्यामुळे आला आणि तो योग्य आहे. वाईट वाटलं का? वाटलं. माझ्या निम्म्या वयाच्या मुलीने "काका, टोक अजून जरा डावीकडे" म्हणावं आणि मी ते करावं, याची सवय व्हायला वेळ लागला.

शेवटच्या फेरीला तीन आठवडे होते. शिकवलेलं विसरायला लावणं हे शिकवण्यापेक्षा अवघड, हे मला तेव्हा समजलं. प्रज्ञा रोज आठव्या होल्डला लोंबकळायची आणि फक्त नववा धरायची. धर, सोड, धर, सोड. शंभरदा, दोनशेदा. डोक्याला केव्हाच पटलं होतं, हाताला पटेना. एक दिवस वैतागून तिने होल्डवर मूठ मारली आणि बोटं सोलून घेतली. मी पट्टी बांधत होतो तेव्हा म्हणाली, "माझं ठीक आहे हो काका. पण हात अजून तुमच्यावर विश्वास ठेवून बसलाय ना."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

त्याच आठवड्यात मी पॉलिश पेपर घेऊन दोन्ही पट्ट्यांवरचे सगळे डाग घासून काढले. एकेक होल्ड उतरवून, मेघना खाली नकाशा वाचतेय आणि मी परत बसवतोय, असं तीन दिवस चाललं. नवव्याची पाळी आली तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "हा मी बसवणार." तिने वर जाऊन टोक जुळवलं, मेघनाकडून दोनदा वाचून घेतलं. मग कमरेच्या पट्ट्यातून मार्कर काढून पॅनलवर काहीतरी लिहिलं आणि त्यावर होल्ड बसवून आवळून टाकला.

"काय लिहिलंस?" मी खालून विचारलं.

"पुढच्या धुलाईला वाचा."

मला वाटलं, शिवी असेल. असती तर ती खपली असती.

जायच्या आदल्या दिवशी मी तिला "सगळं जागेवर आहे" असं म्हटलं नाही. तिनेही मागितलं नाही. पण चार दिवसांनी, मी शेडमध्ये झाडू मारत असताना तिकडून फोन आला. मागे गोंगाट, कोणत्या तरी भाषेत माइकवरून घोषणा.

"काका, आत्ताच सराव झाला."

"बरं मग?"

"इथला नववा जागेवर आहे. आपल्यासारखाच."

मी झाडू भिंतीला टेकवला आणि मॅटवर बसलो. विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, "काका यार, इथे सकाळचे नऊ वाजलेत."

स्पर्धेत ती पहिल्या सोळांत आली, चौदावी. पुढे जोडीच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत हरली. शेजारची मुलगी नुसती तिच्यापेक्षा वेगवान होती. त्याला इलाज नाही आणि त्याचं दुःखही नाही. नवव्यावरून ती अशी गेली की मोबाइलवर मला तो होल्ड दिसलाच नाही. सुलभाने मेथीची जुडी बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. पदक वगैरे काही नाही. पण परत आल्यावर मी पाहिलं, पोरगी पुन्हा फटकळ झाली होती. विमानतळावरून थेट शेडमध्ये येऊन राजन सरांना म्हणाली, "सर, स्टार्टला माझा डावा पाय उशिरा उठतो. डोक्यात काही नाहीये, पायात आहे. बघा." सरांनी मुकाट्याने घड्याळ काढलं.

पुढचा पावसाळा माझ्या कामाचा शेवटचा. गुडघे बोलायला लागले होते आणि मेघना तयार झाली होती. होल्ड उतरवायला सुरुवात केली. मी दोरीवर, मेघना खाली नकाशा घेऊन. मग नवव्याला पाना लावला. होल्ड निघाला. खाली निळ्या मार्करने, प्रज्ञाच्या तिरक्या अक्षरात दोन ओळी होत्या.

"मी बरोबर होते.
परबकाका घरी येऊन बोलले."

मी तिथे लोंबकळत किती वेळ होतो कोण जाणे. चष्म्यावर पाणी आलं होतं आणि एका हातात होल्ड, दुसऱ्यात पाना, पुसणार कशाने?

खालून मेघना ओरडली, "काका, काय झालं? डाग पडलाय का परत?"

"पडलाय," मी म्हटलं.

"पेपर देऊ वर? घासून टाका."

"नको," मी म्हटलं. "राहू दे तो. तू नकाशा वाच."